खाडीतल्या माशाचा माग: ध्वनी-टॅगच्या नोंदींवरून हालचाल कशी काढायची

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. ती समुद्रात कुठे फिरते आहे याच्या बातम्या पुढे कोकणात घरोघरी वाचल्या गेल्या. तेव्हापासून खाडीवर काम करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: तांबोशी, जिताडा अशा खाडीतल्या माशांना असा टॅग का लावत नाही?

कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. तेवढ्या वेळात त्याच्या टॅगची रेडिओलहर उपग्रहापर्यंत पोचते. तांबोशी वर येत नाही, आणि खाऱ्या पाण्यात रेडिओलहर शिरता शिरताच विरते. पाण्यातून लांब जातो तो आवाज. म्हणून माशाच्या पोटात आवाज करणारा टॅग ठेवायचा, तो ऐकणारे रिसीव्हर खाडीत ठिकठिकाणी बांधायचे आणि त्यांच्या नोंदींवरून मासा कुठे होता याचा अंदाज करायचा. या पद्धतीला ध्वनी-टेलिमेट्री म्हणतात.

हा लेख त्या अंदाजाबद्दल आहे. मत्स्यशास्त्र शिकणारे, खाडीवर पहिलाच प्रकल्प आखणारे आणि हाती नोंदींची फाईल आलेली, पण पुढे काय करायचं ते उमगत नसलेले अशांसाठी तो लिहिला आहे. उदाहरण म्हणून रत्नागिरीची भाट्याची खाडी आणि तिथली तांबोशी घेतली आहे. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा एवढ्यासाठी आहेत.

एक गोष्ट पहिल्यापासून मनात पक्की असू द्या. ‘या टॅगचा आवाज या वेळी माझ्यापर्यंत पोचला’ यापलीकडे रिसीव्हर काहीही सांगत नाही. मासा कुठे होता हे आपण ठरवतो. म्हणून रिसीव्हर किती ऐकतो हे आधी कळलं पाहिजे.

टॅग नेमकं काय करतो

टॅग म्हणजे काही ग्रॅम वजनाची बंद नळी. आत बॅटरी आणि कंप पावणारी चकती असते. समुद्रात सर्रास वापरले जाणारे टॅग ६९ किलोहर्ट्झवर बोलतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर काही ऐकत नाही आणि तांबोशीसारख्या माशाची मर्यादा तर त्याहून कितीतरी खाली असते. डॉल्फिनला मात्र हा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी डॉल्फिन येतात, तेव्हा ही गोष्ट विसरू नये.

टॅग एका वेळी आठ-दहा ठोके देतो. दोन ठोक्यांमधल्या अंतरात त्याचा क्रमांक दडलेला असतो. हे सगळं व्हायला तीन-चार सेकंद लागतात आणि मधला एक ठोका जरी हुकला तरी तो क्रमांक वाया जातो. मग टॅग गप्प बसतो, समजा ६० ते १८० सेकंदांमधला कुठलाही वेळ, आणि पुन्हा बोलतो. ही विश्रांती मुद्दाम अनियमित ठेवलेली असते. दोन टॅग एकदा एकाच वेळी बोलले तर पुढच्या खेपेलाही त्यांची टक्कर होऊ नये, हा हेतू.

टक्करीचा हिशेब टॅग विकत घेण्याआधी करा. सरासरी १२० सेकंदांनी बोलणारे, चार सेकंद घेणारे पाच टॅग एकाच रिसीव्हरपाशी असतील, तर प्रत्येकाच्या आवाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सुटे पोचतात. वीस टॅग एकत्र आले तर चारातला एखादाच. त्यामुळे बोयसारख्या थव्याने फिरणाऱ्या माशासाठी विश्रांतीचा काळ बराच लांब ठेवावा लागतो. तेवढी बॅटरी जास्त टिकते, पण नोंदी विरळ होतात. प्रश्न कोणता आहे त्यावर हे ठरतं.

प्रश्न आधी, मासा नंतर

‘माशांच्या हालचाली अभ्यासायच्या’ हा प्रश्न नव्हे. ‘तांबोशी खाडी सोडून समुद्रात कधी जाते’ हा प्रश्न आहे. तांबोशीचं लहानपण कांदळवनात आणि खाडीत जातं, मोठी झाल्यावर ती बाहेरच्या खडपांकडे सरकते. हे स्थलांतर पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर होतं की माशाच्या आकारावर ठरतं, हे विचारण्यासारखं आहे. जिताड्याचा प्रश्न वेगळा: तो पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतो. तेव्हा तिथे किती दिवस थांबतो, हे बंदीच्या काळाशी ताडून पाहता येईल. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते.

पहिल्या प्रश्नाला खाडीच्या तोंडाशी रिसीव्हरची ‘दारं’ हवीत. ‘मासा पुलाच्या खांबांशी राहतो की तिवरांच्या मुळांत’ या प्रश्नाला दाट जाळं हवं. दोन्ही कामं त्याच सहा-आठ रिसीव्हरमध्ये उरकण्याचा मोह नवख्याला होतो आणि मग दोन्ही अर्धवट राहतात.

रिसीव्हर बांधण्याच्या जागा

राजिवड्यातल्या किंवा भाट्यातल्या जुन्या मच्छीमाराला होडीत बरोबर घ्या आणि खाडीच्या तोंडापासून आत जा. कुठे किती वाव पाणी आहे, ओहोटीला कुठला भाग उघडा पडतो, रेतीचा दांडा यंदा कुठे सरकला, उधाणाला ओढ कुठे जास्त असते, वाणं कुठे लागतात, पाग कुठे टाकतात, हे सगळं विचारा. ही माहिती नकाशात नसते. जिथे जाळी लागतात तिथे बांधलेला रिसीव्हर जाळ्यात जाईल, जाळं फाटेल आणि दोष तुमचा असेल.

पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जलमार्गावर मेरीटाईम बोर्डाचं लक्ष, कांदळवन वनखात्याचं, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाची. या सगळ्यांशी पत्रव्यवहार करावा लागतो. मालवणसारख्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ पासून संरक्षित आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही. शिवाय आपल्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. याला महिने लागतात, ते वेळापत्रकात धरा.

तोंडाशी एका रिसीव्हरवर भागत नाही, दोन रांगा लागतात: एक आतली, एक बाहेरची. मासा आधी आतल्या रांगेला आणि मग बाहेरच्या रांगेला ऐकू आला तर तो बाहेर गेला. उलट क्रमाने आला तर आत शिरला. एकच रांग असेल तर मासा दाराशी आला होता एवढंच कळतं. दोन रांगांचा आणखी फायदा असा, की एकीवरून दुसरीची परीक्षा होते. आतून निघून बाहेरच्या रांगेला ऐकू आलेल्या २० माशांपैकी १८ आतल्या रांगेलाही ऐकू आले असतील, तर आतली रांग सुमारे ९० टक्के पक्की आहे.

बांधणी साधी ठेवा: तळाशी काँक्रीटचा ठोकळा, त्यावर जाड दोर, पाण्याच्या पृष्ठभागाखालीच राहणारा बोया आणि मधे तळापासून मीटर-दीड मीटरवर रिसीव्हर. उधाणाच्या ओढीने दोर आडवा होतो आणि रिसीव्हरचा कान चिखलाकडे वळतो. कलाची नोंद ठेवणारा रिसीव्हर असेल तर ती नोंद जरूर पाहा. कालवं, बार्नकल आणि शेवाळ काही आठवड्यांत चढतात. अंगाला संरक्षक टेप गुंडाळा, पण ऐकणारं टोक मोकळं ठेवा. पावसात खाडीला मिळणाऱ्या काजळी नदीला लोंढा आला की झाडांची खोडं वाहत येतात. खाडीच्या मध्यावरचे रिसीव्हर जूनच्या आधी काढून घेणं किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला हलवणं शहाणपणाचं.

खाडी किती ऐकते ते मोजा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो. तो गाळला की पुढचे सगळे नकाशे डळमळीत होतात.

तरीच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला हाक मारली, तर ती कधी ऐकू जाते, कधी वाऱ्यात विरते. टॅगचंही तसंच. रिसीव्हरभोवती ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ काढून ‘आतलं सगळं ऐकू येतं, बाहेरचं काही नाही’ असं धरणं चूक. अंतर वाढेल तशी ऐकू येण्याची शक्यता हळूहळू घसरते, आणि ही घसरण दररोज, किंबहुना दर तासाला वेगळी असते.

कारणं आपल्या खाडीतच आहेत. खाऱ्या पाण्यातलं मॅग्नेशियम सल्फेट या वारंवारतेचा आवाज शोषून घेतं, म्हणून भरतीच्या खाऱ्या पाण्यात आणि पुराच्या गोड्या पाण्यात आवाज सारखा जात नाही. गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर झाले की आवाजाची वाट वाकते. तोंडाशी लाटा फुटतात, त्यांचे बुडबुडे आवाज अडवतात. खडपांत आणि खांबांवरच्या कालवांमध्ये राहणारी, नांगी कडाडून वाजवणारी छोटी कोळंबी अखंड तडतडत असते. तिचा आवाज ६९ किलोहर्ट्झच्याही पलीकडे पोचतो आणि अनेक ठिकाणी तो रात्री वाढतो. होड्यांची इंजिनं आहेतच. एक उलटा प्रकारही घडतो: शांत, उथळ पाण्यात टॅग रिसीव्हरच्या अगदी जवळ असला, तर तळावरून आणि खांबांवरून येणारे प्रतिध्वनी पुढच्या ठोक्यात मिसळतात आणि नोंदच होत नाही.

मोजण्याची रीत अशी. ठरलेल्या अंतराने बोलणारा चाचणी-टॅग घ्या. रिसीव्हरपासून ५०, १००, २००, ३००, ४००, ५०० मीटरवर तो दोराला वजन बांधून माशाच्या खोलीवर सोडा. प्रत्येक ठिकाणी इतका वेळ थांबा की निदान शंभर आवाज निघतील. किती निघाले, किती ऐकू आले, याचं गुणोत्तर काढा. बिंदू कागदावर मांडले की उतरती वक्ररेषा मिळते. निम्मे आवाज ऐकू येतात ते अंतर लिहून ठेवा. हे भरतीला करा, ओहोटीला करा, अमावास्येच्या उधाणाला करा, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हाही करा. जमेल तर रात्रीही.

एवढ्यावर थांबू नका. एक टॅग ठरलेल्या जागी बांधून संपूर्ण हंगामभर तसाच ठेवा. हा संदर्भ-टॅग कुठेही जात नाही, त्यामुळे त्याच्या नोंदीतला चढउतार हा निव्वळ ऐकण्यातला चढउतार असतो. तो का हवा ते पाहा. समजा एका तांबोशीच्या नोंदी दिवसा तासाला सरासरी २१ आणि रात्री १०.५ येतात. पहिला विचार असा येईल की मासा रात्री दुसरीकडे चरायला जातो. आता संदर्भ-टॅग पाहिला, तर त्याचे दिवसा ७० टक्के आवाज ऐकू येतात आणि रात्री ३५ टक्के. २१ भागिले ०.७० म्हणजे ३०. १०.५ भागिले ०.३५ म्हणजेही ३०. सरासरी १२० सेकंदांनी बोलणारा टॅग तासाला सुमारे ३० वेळाच बोलतो. मासा चोवीस तास तिथेच होता, रात्री कोळंबी जोरात होती. संदर्भ-टॅग नसता, तर खाडीच्या गोंगाटाला आपण माशाची सवय समजून बसलो असतो.

माशाला टॅग लावणं

शस्त्रक्रिया लेख वाचून शिकायची नाही. ती येणाऱ्या माणसाच्या हाताखाली, आधी मेलेल्या माशांवर शिका. ढोबळ नियम असा की टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे दहा ग्रॅमच्या टॅगला निदान अर्धा किलोचा मासा. गळाने पकडलेला, जखम नसलेला मासा घ्या. जाळ्यात घासलेला नको. भूल देताना हे ध्यानात असू द्या की सोडलेला मासा उद्या कुणाच्या तरी ताटात जाऊ शकतो. भुलीचं औषध आणि सोडण्यापूर्वी ठेवायचा काळ पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. मासा सरळ पोहू लागेपर्यंत पिंजऱ्यात ठेवा आणि पकडला तिथेच सोडा.

पाठीवर बाहेरून दिसणारी रंगीत खूण लावा. तिच्यावर क्रमांक, फोन आणि बक्षिसाचा उल्लेख मराठीत असावा.

नोंदी निवडून घेणं

रिसीव्हरमधून उतरवलेल्या फाईलमध्ये मुळात तीन गोष्टी असतात: वेळ, रिसीव्हरचा क्रमांक, टॅगचा क्रमांक. ही वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. त्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय भरती-ओहोटीशी किंवा सूर्योदयाशी काहीही ताडू नका. भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून घ्या.

मग खोट्या नोंदी. दोन टॅगच्या ठोक्यांची सरमिसळ होऊन तिसराच क्रमांक तयार होऊ शकतो. प्रचलित चाळणी अशी: सरासरी विश्रांतीच्या तीसपट वेळेत त्याच रिसीव्हरवर त्याच टॅगची दुसरी नोंद नसेल, तर ती एकटी नोंद संशयास्पद. १२० सेकंदांच्या टॅगसाठी ही खिडकी एक तासाची. पण संशयित नोंद डोळे मिटून पुसू नका. तोंडाशी वेगाने निघून जाणारा मासा खरोखर एकदाच ऐकू येऊ शकतो. शेजारच्या रिसीव्हरवर त्याच सुमाराची नोंद आहे का ते बघा.

नंतर वेग तपासा. ४० सेंटिमीटरची तांबोशी सेकंदाला स्वतःच्या एक-दोन लांबीएवढं अंतर सहज कापते असं धरलं, तर तासाला सुमारे दीड ते तीन किलोमीटर होतात. त्यात उधाणाची ओढ मिळवा. ६०० मीटरवरच्या दोन रिसीव्हरवर एका मिनिटाच्या अंतराने नोंद दिसली, तर तो वेग सेकंदाला दहा मीटर होतो. एक तर नोंद खोटी, नाहीतर घड्याळं पुढेमागे झालेली. रिसीव्हरची घड्याळं महिनोन्‌महिने पाण्यात राहून सरकतातच. बांधताना आणि काढताना अचूक वेळेशी ताडून तो फरक वाटून घ्यावा लागतो.

जागेचा अंदाज

सोप्यापासून सुरू करा. दिवसाला एक रेघ आणि रिसीव्हरला एक रंग असा तक्ता प्रत्येक माशासाठी काढा आणि नुसता बघा. कुठलंही सूत्र लावण्याआधी अर्धं उत्तर इथे दिसतं.

मग क्रियाकेंद्र, म्हणजे ठरावीक वेळात मासा साधारण ज्याच्या आसपास होता तो बिंदू. अर्ध्या तासाची खिडकी घ्या आणि त्या वेळात ज्या रिसीव्हरवर जितक्या नोंदी आल्या तितकं वजन त्याच्या जागेला देऊन सरासरी काढा. समजा तोंडापासून १, १.६ आणि २.२ किलोमीटरवर तीन रिसीव्हर आहेत आणि मासा जवळून जाताना त्यांच्यावर अनुक्रमे १२, ६ आणि २ नोंदी आल्या. म्हणजे १२ अधिक ९.६ अधिक ४.४, एकूण २६, भागिले २०. मासा तोंडापासून साधारण १.३ किलोमीटरवर. (अर्ध्या तासात २० नोंदी येतात, म्हणजे इथे एकच आवाज दोन रिसीव्हरनी ऐकला असण्याचीही शक्यता आहे. तसं असेल तर ते उत्तमच, रिसीव्हरचे टापू एकमेकांवर येतात असा त्याचा अर्थ.) यापैकी एका रिसीव्हरचा कान कालवांनी बुजला असेल, तर सरासरी दुसरीकडे ओढली जाईल. म्हणून वजन देताना संदर्भ-टॅगवरून केलेली दुरुस्ती आधी लावा.

अंतर मी अक्षांश-रेखांशात न घेता खाडीच्या प्रवाहाच्या कडेकडेने घेतलं, ते मुद्दाम. कोकणातल्या खाड्या वळणावळणाच्या. वळणाच्या दोन बाजूंच्या रिसीव्हरची सरळ सरासरी काढली, तर मासा नारळीच्या बागेत सापडतो. ‘आर’ या संगणकभाषेत ‘अॅक्टेल’ आणि ‘आरएसपी’ ही मोफत साधनं आहेत. पहिलं नोंदी तपासून मासा कुठल्या टापूतून कुठल्या टापूत गेला ते मांडतं. दुसरं दोन नोंदींमधली वाट पाण्यातूनच, जमीन टाळून काढतं. त्यासाठी खाडीच्या पाण्याचा अचूक नकाशा द्यावा लागतो. तो उधाणाचा द्यायचा की ओहोटीचा, हा निर्णय तुमचा. तिवरांत शिरणाऱ्या तांबोशीसाठी मी उधाणाचा घेईन.

काही मीटरपर्यंत अचूक जागा हवी असेल, तर एकच आवाज निदान तीन रिसीव्हरनी ऐकलेला हवा. तो कुणाकडे किती उशिरा पोचला यावरून जागा काढता येते. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे घड्याळात एका हजारांश सेकंदाची चूक झाली की अंतरात दीड मीटरची चूक. घड्याळं एकमेकांशी जुळवायला जाळ्यातच काही टॅग कायमचे बांधतात. आवाजाचा वेगही ठाम नाही. २८ अंश तापमानाच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात तो १५४१ च्या आसपास, तर क्षारता (पाण्याच्या हजार भागांत क्षार किती) ५ वर उतरली की १५०९ च्या आसपास. ३०० मीटरवर हा फरक सहा मीटरपर्यंत जातो. म्हणून भरती-ओहोटीबरोबर तापमान आणि क्षारता मोजत राहा. ‘याप्स’ हे मोफत साधन हे गणित करतं, शिवाय मासा एका क्षणात इथून तिथे उडी मारत नाही ही गोष्टही हिशेबात धरतं. पहिल्या प्रकल्पात मात्र मी कुणालाही हा मार्ग सुचवणार नाही.

कुठलीही पद्धत घ्या, मिळालेल्या जागेबरोबर तिची अनिश्चितता छापा. आणि संदर्भ-टॅगची जागा त्याच पद्धतीने काढून पाहा. तो खरा कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. पद्धत किती चुकते ते लगेच कळेल.

नोंद थांबली तर

टॅग गप्प झाला की चार-पाच शक्यता असतात. मासा दारातून बाहेर गेला. मासा पकडला गेला आणि टॅग पाण्याबाहेर आला. बॅटरी संपली किंवा टॅग बिघडला. मासा खाडीच्या अशा कोपऱ्यात गेला जिथे कान नाही. उलट, एकाच रिसीव्हरवर आठवडेच्या आठवडे नोंद येत राहिली आणि तिच्यातला चढउतार हुबेहूब संदर्भ-टॅगसारखा असला, तर मासा मेला आहे किंवा टॅग गळून तळाशी पडला आहे. अशा टॅगच्या नोंदी ‘स्थिर राहणारा मासा’ म्हणून मोजल्या, तर सगळा निष्कर्ष बिघडतो.

पकडलेल्या माशाचा उलगडा फक्त मच्छीमार करू शकतात. म्हणून काम सुरू होण्याआधी राजिवडा, भाट्ये, मिरकरवाडा इथल्या सोसायट्यांमध्ये आणि मासे विकणाऱ्या बायकांमध्ये जाऊन टॅग दाखवा. मासा साफ करताना टॅग पहिल्यांदा त्यांच्याच हाताला लागणार आहे. बक्षीस त्याच दिवशी द्या. कुठे, कुठल्या जाळ्यात, किती वाजता मिळाला ते विचारा, आणि त्यांना जागा गुपित ठेवायची असेल तर ठेवा.

अहवालात प्रत्येक माशापुढे शेवटची नोंद, तिची वेळ, भरती की ओहोटी आणि वरच्यापैकी कुठली शक्यता तुम्ही धरली, ती का, हे लिहा. ठरवता आलं नाही तर ‘अनिर्णित’ लिहा आणि निष्कर्ष दोनदा काढा: एकदा अनिर्णित मासे बाहेर गेले असं धरून, एकदा ते खाडीतच होते असं धरून. दोन्ही उत्तरं एकाच बाजूला झुकत असतील, तर तो निष्कर्ष घेऊन सोसायटीच्या बैठकीत जा आणि नकाशा त्यांच्यापुढे पसरा. नकाशावरच्या कुठल्या वाटेवर त्यांचा विश्वास बसत नाही ते टिपून घ्या आणि पुढच्या हंगामातला पहिला रिसीव्हर तिथे बांधा.